पडताना फुलं कुठे ठेवायची

आमच्या घरात मोटरसायकलवरून पडण्याची एक पद्धत आहे. डावा हात सरळ वर धरायचा. त्या हातात मोगऱ्याचं गाठोडं असतं. बाकीचं अंग जसं खाली जाईल तसं जाऊ द्यायचं.

बाबा असे एकदाच पडले, चार वर्षांपूर्वी, निर्मळ गावात तळ्याजवळच्या वळणावर. कुत्रं आडवं आलं होतं. बाबांच्या खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं, पण एकही कळी जमिनीला लागली नाही. ते तसेच नाक्यापर्यंत चालत गेले, गाठोडं टेम्पोत दिलं आणि मग दवाखान्यात गेले. आमच्या नात्यातल्या लग्नाकार्यात ही गोष्ट अजून सांगतात. कुणीतरी विचारतं, "फुलं वाचली ना पण?" कुणीतरी सांगतं, "सगळी." मग मंडळी जेवायला बसतात. हाडाचं पुढे काय झालं, हे मी कुणाला विचारताना ऐकलेलं नाही.

वटारला आमची लहानशी वाडी आहे. केळी, थोडी भाजी आणि मोगरा. मोगऱ्याच्या कळ्या उजाडायच्या आत खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि साडेसहापर्यंत नाक्यावर पोचवायच्या. तिथे एक टेम्पो सगळ्या वाड्यांची फुलं घेतो आणि बाजाराला जातो. तो कुणासाठी थांबत नाही. ही फुलं शेवटी देवाला जातात, आणि जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही. लहानपणी मी एकदा बाबांना विचारलं होतं की मग पारिजातक कसा चालतो, तो तर खालीच पडलेला असतो. बाबा म्हणाले, "पारिजातक आपणहून खाली येतो. त्याला कुणी मोटरसायकलवरून आणत नाही."

(घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती लिहायची कशी हे मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं इथे शाळेच्या मराठीत लिहिते आहे. बाबा प्रत्यक्षात इतकं शुद्ध बोलत नाहीत.)

गाठोडं मागे बांधलं की धक्क्यांनी कळ्या दबतात, म्हणून ते पुढे टाकीवर ठेवायचं. ते घसरू नये म्हणून बाबांनी त्याला आईच्या जुन्या साडीच्या काठाची एक पट्टी शिवली होती. पट्टीचं दुसरं टोक डाव्या मनगटात अडकवायचं. म्हणजे काहीही झालं तरी गाठोडं आपल्याबरोबर राहतं. बाबा पडले तेव्हा हीच पट्टी त्यांच्या मनगटात होती.

त्यानंतर तीन वर्षं शेजारच्या मावशींचा मुलगा स्वतःच्या फुलांबरोबर आमचीही फुलं न्यायचा. मग त्याला जहाजावर नोकरी लागली, फेब्रुवारीत तो निघणार होता. बाबांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि क्लच फार वेळ दाबला की त्यांची बोटं सुन्न होतात. आईला खुडायचं असतं. राहिले मी. मला अठरा पूर्ण झाली होती, लायसन्स काढलेलं होतं आणि मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की कॉलेजात नक्की काय करायचं असतं हे घरात विचारायला कुणी नव्हतं. पहिल्या वर्षी मी सहा महिने ऑफिसच्या खिडकीवर "आत येऊ का?" असं विचारत होते. खिडकीतून आत येता येत नाही, हे तिथल्या बाईंनी मला शेवटी सांगितलं.

आईने जानेवारीत माझ्यासमोर अट ठेवली. ती तेव्हा माठाची भाजी निवडत होती.

"गाडी तू ने. फुलं दे आणि तिथूनच कॉलेजला जा. पण ह्या घरात एक हात आधीच बाद आहे. तुझाही मोडला तर मग कॉलेज राहू दे. मला एकटीला वाडी होणार नाही."

"कायमचं राहू दे?"

"ते हात कसा मोडतो त्यावर आहे," आई म्हणाली.

ती रागावली नव्हती. हिशोब बरोबर होता. मी दोन दिवस त्यावर विचार केला. पडणार नाही, अशी खात्री मला देता येत नव्हती. रस्ता माझ्या ताब्यात नाही, कुत्रीही नाहीत. पण पडले तर मोडणार नाही, असं काही शिकता येत असेल तर ते शिकायला हवं होतं.

आमच्या कॉलेजात जिमखान्याचे एक सर ज्युदो शिकवतात. मी तीन दिवस त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. चौथ्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

"काय गं, टीममध्ये यायचंय?"

"नाही सर."

"मग?"

"फक्त पडायचंय."

सरांनी शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "कुणी त्रास देतंय का घरी?"

मी घाईघाईने मोटरसायकलचं सांगितलं. फुलांचं सांगितलं नाही, कारण ते मला महत्त्वाचं वाटलं नाही. ही माझी चूक होती.

सर म्हणाले, की त्यांच्याकडे येणारी मुलंही पहिला महिना फक्त पडतात, त्यामुळे मी काही वेगळं मागत नाहीये. त्यांनी मला रोज लेक्चर संपल्यावर अर्धा तास दिला. ते स्वतः बरीच वर्षं बाइक चालवत होते आणि तीनदा पडले होते, त्यामुळे ते दोन्ही बाजूंनी बोलायचे. त्यांचं बोलणं मी अकाउंट्सच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवलं. कुणाला उपयोग झाला तर व्हावा म्हणून त्यातलं आठवतं ते लिहिते.

पहिली गोष्ट हेल्मेट. त्याचा पट्टा हनुवटीखाली लावलेला हवा, कारण नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट माणसाच्या आधी पडतं. गाडी गेली हे कळलं की हँडल सोडायचं. गाडीला धरून राहिलं तर गाडी आपल्याला घेऊन जाते, आणि ती कुठे जाणार हे तिला ठाऊक नसतं. हात ताठ करून जमिनीला टेकवायचा नाही. सगळ्यांचा हात आपोआप पुढे जातो आणि तिथेच मनगट नाहीतर खांदा जातो. हात कोपरात वाकवून छातीशी घ्यायचे, हनुवटी खाली, पाठ गोल. अंग सैल सोडायचं, आणि शक्य झालं तर खांद्याच्या मागच्या मांसल भागावरून लोळत जायचं. थांबायची घाई करायची नाही.

आणि शेवटची, जी मला सगळ्यात अवघड वाटली: थांबलो असं वाटलं की लगेच उठायचं नाही. आपल्याला थांबल्यासारखं वाटतं तेव्हा आपण बऱ्याचदा अजून घसरत असतो. पडल्या जागी तीन आकडे मोजायचे. मग हातपाय हलवून बघायचे, मग मागून काही येतंय का बघायचं, आणि मगच उठून रस्त्याच्या कडेला जायचं.

"आणि हे करून पण लागतंच," सर म्हणाले. "कमी लागतं, एवढंच. गॅरंटी नाय देत मी."

घरी सरावाला जागा होती. केळीचा घड उतरवला की ते झाड तोडून टाकतात, त्यामुळे वाडीत पानांचा आणि बुंध्यांचा ढीग कायम असतो. बुंध्याच्या ओल्या साली असतात त्यांना आम्ही सोपटं म्हणतो. ती मऊ आणि बुळबुळीत असतात. मी त्यांचा गादीएवढा थर केला, वर सुकी पानं घातली आणि आधी गुडघ्यावरून, मग उभ्याने, मग चालत्या सायकलवरून पडायला लागले. सायकल बिचारी दोनदा वाकली.

शेजारच्या मावशी रोज कुंपणापलीकडून कोंबड्यांना दाणे टाकतात. आठवडाभर त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी आईला बोलावून हळूच विचारलं, "पोरीला फिट येते का गं? आमच्या फादरांना सांगून ठेवू? ते प्रार्थना करतील."

"फिट नाही. अभ्यास करतेय," आई म्हणाली.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा सोपटांवर गोल होऊन पडले होते आणि मोठ्याने एक, दोन, तीन म्हणत होते.

"कॉलेजचा?"

"कॉलेजचाच."

मावशींनी मान हलवली आणि घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाची जुनी जाड जीन्सची पँट आणून दिली. पडताना तीच घाल म्हणाल्या. तिने माझे गुडघे वाचवले, हे इथे नमूद करते.

बाबा ओट्यावर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "हे परीक्षेला येतं?"

"नाही."

"मग सर शिकवतात कशाला?"

"मी विचारलं म्हणून."

बाबांना हे पटलं नसावं. विचारलं म्हणून कुणी शिकवतं, असा त्यांचा अनुभव नव्हता. पण ते रोज बसायचे.

महिन्याभराने मी सरांना सांगितलं की आता सोमवारपासून फुलं घेऊन जाणार. तेव्हा त्यांना गाठोड्याचं कळलं. पट्टीचंही कळलं.

"मनगटात? बांधून?"

"अडकवून, सर."

"आणि पडताना काय करणार?"

मी करून दाखवलं. मला वाटलं होतं की मी हात छातीशी घेईन. पण गाठोड्याच्या जागी सरांनी दिलेली बॅग हातात होती, आणि गादीवर पडले तेव्हा माझा डावा हात सरळ वर होता. बॅग अगदी सुखरूप होती.

सरांनी बॅग माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाले, "तू आत्तापर्यंत जे शिकलीस ना, ते रिकाम्या हाताने पडणाऱ्यांचं होतं."

त्यांनी सांगितलं, की मनगटात काही अडकवायचं नाही, आता ओझं घेऊन पड, आणि पडताना ओझं फेकायचा सराव कर. मी घरी आले, उशीच्या अभ्र्यात सुकी पानं भरली, त्याचं गाठोडं केलं आणि सुरू केलं. नऊ दिवस प्रयत्न केला. गाठोडं एकदाही खाली पडलं नाही. मी प्रत्येक वेळी खांद्यावर आपटले आणि हात वर. लहानपणापासून मला कुणी "फुलं वर धर" असं शिकवलं नव्हतं. मी फक्त घरातल्यांना बघितलं होतं. आई चिखलातून चालताना टोपली डोक्याच्याही वर धरते. मला ते येत होतं, आणि येतंय हे माहीत नव्हतं.

बाबा ओट्यावरून म्हणाले, "बघ, वाचलं गाठोडं."

"आणि खांदा?" आई आतून म्हणाली.



दहाव्या दिवशी आईने अभ्रा माझ्याकडून घेतला, गोठ्यामागे गेली आणि भरून घेऊन आली. त्यात शेणखत होतं, ओलसर. "आता धरून ठेव किती धरतेस ते," ती म्हणाली.

मी पहिल्याच फटक्यात सोडलं. ते लांब उडून मावशींच्या कुंपणाला लागलं आणि फुटलं. दुसऱ्यांदाही सोडलं. चार दिवसांनी आईने त्यात परत पानं भरली, तरी हात सोडायला लागला होता. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आईंना ज्युदोत इंटरेस्ट आहे का?"

पण अभ्र्यात मोगरा कधीच नव्हता. त्यामुळे खऱ्या वेळी काय होईल हे मला सांगता येत नव्हतं. आणि पट्टी होतीच.

पट्टीबद्दल मी बाबांशी एकदाच बोलले. सरांनी सांगितलंय की मनगटात काही अडकवू नये, असं मी म्हणाले.

"सरांची वाडी आहे का?" बाबांनी विचारलं.

"नाही. ते विरारला फ्लॅटमध्ये राहतात."

"मग पट्टी राहू दे."

मग मी रोज सकाळी त्यांच्यासमोर पट्टी मनगटात घालायचे आणि फाटकाबाहेर पहिल्या वळणावर, चिंचेखाली, गाडी थांबवून काढायचे. परत घरी येताना गाठोडं नसायचं, रिकामं फडकं बॅगेत असायचं, त्यामुळे ते कळायचा प्रश्न नव्हता. बाबा ओट्यावरून माझ्या मनगटाकडे बघत उभे असायचे, आणि मी हात थोडा वर करून दाखवायचे. सव्वा महिना मी हे केलं. मला ते बरं वाटत नव्हतं. पण खरं सांगायचं तर मी फार अस्वस्थही नव्हते. पहिलं लेक्चर मिळत होतं.

मार्चमध्ये एका सकाळी मी पडले. तळ्याजवळच्या त्याच वळणावर. माझ्या आधी केळीची गाडी गेली असावी. तिच्यातून एक सोपट रस्त्यावर पडलं होतं, चांगलं हातभर, ओलं. ज्या गोष्टीवर मी दोन महिने पडायला शिकले तिच्यामुळेच पडले, हे नंतर मला विचित्र वाटलं. त्या वेळी काहीच वाटलं नाही. पुढचं चाक बाजूला गेलं आणि माझा डावा हात गाठोड्याकडे गेला.

तो जाताना मला दिसला. तो वर उचलायलाच निघाला होता. गाठोड्याखाली बोटं गेली, ओलं फडकं थंड लागलं, आणि वासही आला. मग मी ते सोडलं. कसं सोडलं ते नीट सांगता येत नाही. मी शेणाचा विचार केला का? बहुतेक केला.

मग हनुवटी, कोपरं, पाठ. एक लोळण नीट बसली, दुसरी तितकी नाही. गाडी माझ्यापासून दूर कुंपणाकडे घसरत गेली. मी थांबले, आणि थांबले असं वाटलं, म्हणून मोजायला लागले.

स्कूटरवरून एक काका दूध घेऊन येत होते. त्यांनी स्कूटर रस्त्यात आडवी लावली आणि धावत आले. "अगं बाई, ऊठ! लागलं का?"

"थांबा काका, मोजतेय."

"काय मोजतेस?"

"तीन."

काका तिथेच उभे राहिले आणि तीन होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग मी बोटं हलवली, पाय हलवले, मागे बघितलं आणि उठले. मावशींची पँट गुडघ्यावर फाटली होती. कोपर सोललं होतं. दोन्ही हात वर केले. दोन्ही पूर्ण वर गेले. काकांना वाटलं मी देवाचे आभार मानतेय, म्हणून त्यांनीही तळ्यापलीकडच्या देवळाकडे बघून हात जोडले.

फडकं सुटलं होतं. कळ्या रस्त्यावर पांढऱ्या पसरल्या होत्या, सकाळचं सगळं खुडलेलं.

तेवढ्यात नाक्याकडे जाणारा टेम्पो आलाच. तो कधीच थांबत नाही, पण रस्त्यात स्कूटर, मी आणि मोगरा असल्यामुळे त्या दिवशी थांबला. टेम्पोवाल्या दादाने खाली उतरून बघितलं. "भर भर पटकन. फडक्यातल्या तर साफच आहेत. कोणाला कळतंय?"

मी खाली बसून फडक्यात भरायला लागले. सगळ्या भरल्या. टेम्पोवाल्याने हात पुढे केला.

"नको," मी म्हणाले. "जमिनीवर पडलीत."

"अगं, मी बोलणार नाय कोणाला."

"मला माहितीये ना."

तो गेला. काकांनी गाडी उचलून दिली. पायाच्या ब्रेकचं दांडकं वाकलं होतं. मी गाडी ढकलत, गाठोडं सीटवर ठेवून घरी आले. त्या दिवशी लेक्चर बुडालं.

बाबा ओट्यावर होते. त्यांनी आधी गाठोड्याकडे बघितलं. रस्त्याची माती फडक्याला लागली होती, त्यामुळे सांगायला काही उरलं नव्हतं.

"हातातून निसटली, का तूच टाकलीस?"

निसटली म्हटलं असतं तर चाललं असतं. त्यात कुणाची चूक नसते. आई दारात येऊन उभी राहिली होती.

"मीच टाकली."

"आणि पट्टी?"

"ती मी रोज चिंचेखाली काढते. पहिल्या दिवसापासून."

बाबा ओट्यावरून उतरले. मला वाटलं आता किल्ली मागतील. मी खिशातून काढून हातात धरून ठेवली होती.

"हात वर कर," बाबा म्हणाले.

मी उजवा केला.

"दोन्ही."

मी दोन्ही वर केले, कानाला लागतील इतके. बाबांनी जवळ येऊन माझं डावं मनगट धरलं आणि हात अजून थोडा वर ओढून बघितला. दुखतं का, असं विचारलं नाही, चेहऱ्याकडे बघत राहिले. मग स्वतःचा डावा हात माझ्या हाताशेजारी वर न्यायला लागले. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. त्यांनी तो तसाच थोडा वेळ ठेवला, जणू आज कदाचित पुढे जाईल.

"कोपर धू," ते म्हणाले, आणि गाठोडं घेऊन वाडीत गेले. मी धुऊन आले तेव्हा ते मोगऱ्याच्या ओळीत बसून प्रत्येक झाडाच्या बुडाशी मूठमूठ कळ्या टाकत होते. आईने मला सांगितलं, की उद्याचं लेक्चर किती वाजता आहे ते त्यांना सांगून ठेव. मी सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ब्रेकचं दांडकं दगडावर ठोकून सरळ केलेलं होतं. आईने खुडलेल्या कळ्या त्यांनी फडक्यात बांधल्या आणि गाठोडं नेहमीसारखं टाकीवर ठेवलं. मी सवयीने डावा हात पुढे केला.

पट्टी नव्हती. फडक्यावर ती जिथे शिवलेली होती तिथे फक्त उसवलेल्या दोऱ्याची भोकं होती.

"जा, उशीर होतोय," बाबा म्हणाले.

मी निघाले. चिंचेखाली सवयीने गाडी थांबवली, मग थांबायचं काही कारण नाही हे लक्षात आलं, आणि पुढे गेले.